तीन वर्षांखालचं मूल, समितीचा आदेश आणि पाळणाघर: संशोधनातून काय घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. संकटातल्या मुलांबाबत आदेश देणाऱ्या बालकल्याण समितीवर नुकत्याच नेमल्या गेलेल्या एका ताईंसमोर सव्वादोन वर्षांच्या मुलीचं प्रकरण आलंय. आई बांधकामावर बिगारी काम करते, नवरा सोडून गेलाय. मुलगी साइटच्या गेटबाहेर रस्त्यावर एकटी सापडली, कुणीतरी मुलांच्या मदतीच्या १०९८ या क्रमांकावर फोन केला आणि आता ती शिशुगृहात आहे. आई भेटायला येते आणि रडत परत जाते. ताई विचारतात की लहान मुलांना संस्थेत ठेवू नये असं संशोधन सांगतं, मग हिला घरी पाठवायचं का? पाठवलं आणि काही बरंवाईट झालं तर? आणि अंगणवाडी, पाळणाघर यांचा समितीच्या आदेशाशी काही संबंध आहे का, की तो दुसऱ्यांचा विषय?

आधी थेट उत्तर देते. तुम्ही लिहिलंय तेवढंच खरं असेल, म्हणजे मारहाण नाही, व्यसन नाही, आईला मूल हवंय, तर मुलगी आईकडे जायला हवी आणि लवकर जायला हवी. पण आई कामावर असताना तिला कोण सांभाळणार हे आदेशातच लिहिलेलं हवं. ते नसेल तर तो आदेश अर्धाच. या वयाच्या मुलाला पुढची तारीख देणं हासुद्धा एक निर्णयच असतो, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

लहान मुलांना संस्थेत ठेवू नये, या म्हणण्यामागे सर्वांत भक्कम पुरावा रोमानियाच्या बुखारेस्टमधला आहे. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये पडली तेव्हा तिथल्या अनाथालयांत मुलांची प्रचंड गर्दी होती. पुढे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी तिथल्या संस्थांमधली साधारण सहा ते एकतीस महिन्यांची १३६ मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. ६८ मुलं खास तयार केलेल्या पालक कुटुंबांत गेली, ६८ नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. तुलनेसाठी आपल्या घरी वाढणाऱ्या मुलांचा तिसरा गट होता. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेच्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक ७३ च्या आसपास होता, पालक कुटुंबातल्यांचा ८१ आणि घरच्यांचा १०९. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या कामाची खरी गोष्ट वयाची आहे: जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत कुटुंबात गेली त्यांची मागे पडलेली वाढ जास्त भरून निघाली. माणसाशी जिव्हाळ्याचं नातं जुळण्याच्या बाबतीतही साधारण हीच रेघ दिसली. रोमानियाने १ जानेवारी २००५ पासून दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवण्यावर बंदी आणली, गंभीर अपंगत्वाचा अपवाद ठेवून.

आपली शिशुगृहं तशी नाहीत, असं लगेच कुणीतरी म्हणेल. बरोबर आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी मावश्या जीव लावून सांभाळतात, अंगाईसुद्धा म्हणतात. पण ड्यूटी संपली की मावशी घरी जाते, दुसरी येते, आणि वर्षभरात त्यातल्या काही जणी काम सोडून जातात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला कोण आपलं आणि कोण परकं हे ठरवायला जे सातत्य लागतं, ते पाळ्यांमध्ये मिळत नाही. शिशुगृहाला भेट द्याल तेव्हा एक गोष्ट नीट बघा. तुम्ही आत गेल्या गेल्या एखादं मूल धावत येऊन पायाला मिठी मारेल, कडेवर घ्या म्हणेल, तुमच्याबरोबर दारापर्यंत येईल. पाहुणे म्हणतात, किती लाघवी आहे, कुणाकडेही जातं. बुखारेस्टच्या अभ्यासकांनी नेमकं हेच तपासलं होतं: अनोळखी माणूस दाराशी येऊन म्हणाला, चल माझ्याबरोबर, तर मूल जातं का? संस्थेत वाढलेली मुलं घरच्या मुलांपेक्षा जास्त प्रमाणात गेली. आईच्या कडेवरचं सव्वादोन वर्षांचं मूल परक्या माणसाला पाहून मान खांद्यात लपवतं, आणि तेच निरोगी आहे. तुमच्या प्रकरणातली मुलगी आई भेटून निघाली की रडते का, हे शिशुगृहाच्या काळजीवाहकांना विचारा. रडत असेल तर ती नोंद आईच्या बाजूने मोलाची आहे. ‘आईच्या भेटीनंतर मूल अस्वस्थ होते, म्हणून भेटी कमी कराव्यात’ असा अहवाल आला तर तो मान्य करू नका.

आता वेळेचं. आपल्या कायद्याला वयाचं भान आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मूल २४ तासांत समितीपुढे यायला हवं, सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी आणि अंतिम आदेश चार महिन्यांच्या आत व्हायला हवा. मूल टाकून दिलेलं असेल, तर दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दत्तकासाठी मोकळं जाहीर करायला दोन महिने आहेत, मोठ्याला चार. कायदा करणाऱ्यांनी हा फरक उगीच केलेला नाही. पण चार महिने ही कमाल मर्यादा आहे आणि आपण तिला सरासरी करून ठेवतो. एकदा अहवाल आला नाही, एकदा अंतिम आदेशाला लागणारे तीन सदस्य हजर नव्हते, एकदा आईला निरोपच पोचला नाही, आणि प्रत्येक वेळी मूल तिथेच. सव्वादोन वर्षांच्या मुलीसाठी चार महिने म्हणजे तिच्या आयुष्याचा जवळपास सातवा हिस्सा. माझ्या मते तीन वर्षांखालच्या मुलांच्या फायली वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांना पंधरा दिवसांपेक्षा लांबची तारीख देऊ नये. अमेरिकेत झीरो टू थ्री या संस्थेने २००५ पासून बाळांसाठी जी खास न्यायालय-पथकं सुरू केली, त्यांचा गाभा हाच आहे: प्रकरण दर महिन्याला सुनावणीला घ्यायचं, आणि आईबाप, मूल आणि सेवा देणारे यांच्यात दुवा सांधणारी एक व्यक्ती नेमून ठेवायची. तिथली मुलं इतरांच्या तुलनेत कायमच्या घरी लवकर पोचली, असं मूल्यमापनात दिसलं.

मग सगळ्यांना सरसकट घरी पाठवायचं का? इथे वाचताना सावध राहा, कारण एकच अभ्यास हातात धरून वाद घालणारे पुष्कळ भेटतील. जोसेफ डॉइल या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये इलिनॉय राज्याच्या नोंदी वापरून दाखवलं की ज्या प्रकरणांत मूल घरातून काढावं की ठेवावं हा निर्णय इकडे किंवा तिकडे जाऊ शकला असता, तिथे घरीच राहिलेल्या मुलांचं पुढे बरं झालं. त्याने युक्ती छान काढली. तिथे प्रकरणं तपासनीसांना पाळीपाळीने मिळतात, काही कडक असतात, काही नरम. म्हणजे सारखीच मुलं केवळ नशिबाने वेगळ्या वाटेला गेली. पुढे २०२२ मध्ये मिशिगनच्या नोंदींवर मॅक्स ग्रॉस आणि जेसन बॅरन यांनी याच पद्धतीने काम केलं आणि उलटं आढळलं: काढून घेतलेल्या मुलांची शाळेतली हजेरी आणि गुण सुधारले. पण तिथे बहुतेक मुलं थोड्या काळानंतर आपल्याच आईबापांकडे परत गेली होती आणि मधल्या काळात आईबापांना मदत मिळाली होती. हे दोन्ही अभ्यास शाळकरी वयाच्या मुलांचे आहेत आणि दोन्हीकडे काढलेलं मूल मुख्यतः कुटुंबात जातं, संस्थेत नव्हे. आपल्या सव्वादोन वर्षांच्या मुलीला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. मी त्यातून एवढंच घेते की काढावं की ठेवावं या प्रश्नाचं उत्तर, सोबत काय मदत दिली यावर अवलंबून असतं.

आणि मदत म्हणजे नेमकं काय, यावर सर्वांत बोलकं संशोधन बालशिक्षणाच्या बाजूने आलेलं आहे. शिकागोमध्ये १९६७ पासून गरीब वस्त्यांतल्या सरकारी शाळांना जोडून ‘बाल-पालक केंद्रं’ चालतात. तिथे तीन-चार वर्षांची मुलं येतात, आणि त्याच इमारतीत आईबापांसाठी एक खोली असते, तिथे त्यांच्यासाठी पूर्णवेळ माणूस असतो, घरभेटी होतात, आरोग्यतपासणी होते. आर्थर रेनल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५३९ मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. २००३ च्या त्यांच्या लेखात त्यांनी थेट बाल न्यायालयाच्या नोंदी तपासल्या: छळ किंवा दुर्लक्षाच्या कारणाने न्यायालयात अर्ज दाखल झालेल्या मुलांचं प्रमाण केंद्रात गेलेल्यांत ५ टक्के होतं, तुलनेच्या गटात १०.५ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हता, शेजारच्या तशाच वस्त्यांतल्या मुलांशी केलेली तुलना होती, हे लक्षात ठेवूनही फरक मोठा आहे. कारणं शोधताना त्यांना आईबापांचा शाळेतला सहभाग आणि मुलाची शाळा सतत न बदलणं या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. मुलांना अक्षरओळख करून देणारा कार्यक्रम न्यायालयातली प्रकरणं कमी करतो, हे मला आजही फार मोलाचं वाटतं. समितीपुढे येणाऱ्या कितीतरी फायली, आई कामावर असताना मुलाला ठेवायला जागा नव्हती, इथून सुरू होतात.

याहून लहान वयासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावचा डेव्हिड ओल्ड्स यांचा प्रयोग आहे. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत परिचारिका घरी जात. पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्या कुटुंबांत छळ-दुर्लक्षाच्या सिद्ध झालेल्या तक्रारी जवळपास निम्म्या होत्या. पण जिथे नवऱ्याची मारहाण जास्त होती तिथे हा परिणाम विरून गेला. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा, खाली लागेल. आणि मेरी डोझियर यांच्या गटाने दुर्लक्षाच्या तक्रारी झालेल्या घरांत फक्त दहा घरभेटी दिल्या. आईने बाळाच्या रडण्याला कसा प्रतिसाद द्यायचा, खेळताना त्याच्या मागे कसं जायचं, त्याला घाबरवणारं काय टाळायचं, एवढंच त्यात होतं. १२० मुलांच्या त्या प्रयोगात विस्कळीत जवळीक, म्हणजे आईकडे धीरासाठी जावं की तिला घाबरावं असा गोंधळ, दिसलेली मुलं ३२ टक्के होती, तुलनेच्या गटात ५७ टक्के. दहा भेटी आपल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षालाही जमण्यासारख्या आहेत, भेट म्हणजे सही घेऊन परत फिरणं असा अर्थ नसेल तर.

आता आपल्याकडे या. समितीचं काम आणि अंगणवाडी ही महाराष्ट्रात एकाच महिला व बाल विकास विभागाची दोन कामं आहेत, पण एका बाजूचा कागद दुसऱ्या बाजूला क्वचितच जातो. त्यातून एक ठोकळेबाज वाक्य अहवालांत शिरलंय: ‘बालिकेस अंगणवाडीत दाखल करण्यात यावे.’ सव्वादोन वर्षांच्या मुलीसाठी या वाक्याने काहीच होत नाही. अंगणवाडीत बसून शिकणं आणि गरम ताजा आहार हे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, वजन-उंची आणि लसीकरणाची आठवण एवढं मिळतं. मोठी मुलंसुद्धा दुपारी घरी जातात आणि बिगारी बाई संध्याकाळी सहाला सुटते. या मुलीला पाळणाघरच हवं. २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आहे, त्यात सहा महिने ते सहा वर्षांची मुलं रोज साडेसात तास सांभाळायची सोय आहे; तुमच्या तालुक्यात असं अंगणवाडी-नि-पाळणाघर कुठे सुरू झालंय ते बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडून लेखी मागवा. बांधकामावर पन्नासहून जास्त बायका असतील तर पाळणाघर हवंच, हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेच सांगितलं होतं. मोबाइल क्रेशेस ही संस्था १९६९ मध्ये दिल्लीत अशाच मजूर बायांच्या मुलांसाठी उभी राहिली, आणि पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस तेच काम करते. तेव्हा बिल्डरला समितीपुढे बोलवा. मुलीला घेऊन जाणाऱ्यांनी आईला बोलावलं, मुकादमाला बोलावलं, ज्याच्या साइटवर तीस-चाळीस मुलं वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळतात त्याला कुणी विचारलंच नाही, असं फार वेळा होतं.

अंगणवाडी निरुपयोगी आहे असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांवर झालेल्या प्रयोगात निम्म्या केंद्रांना फक्त शिकवण्यासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती जादा दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं शिकणं सुधारलं, आणि खुजेपणाही कमी झाला, कारण मूळ सेविकेला आहार-आरोग्याकडे बघायला वेळ मिळाला. छळ-दुर्लक्ष त्यात मोजलेलं नाही. पण एकट्या सेविकेवर सगळं टाकून चालत नाही, हे त्यातून आकड्यांनिशी कळतं. समितीने आणखी एक काम तिच्यावर टाकताना हे ध्यानात ठेवावं.

आता अहवाल. सामाजिक तपासणीचा नमुना २२ हातात घ्या. बहुतेक वेळा शेवटी असं असतं: ‘आईची आर्थिक परिस्थिती हलाखीची असून ती बालिकेचा सांभाळ करण्यास असमर्थ आहे. सबब संस्थेत ठेवण्याची शिफारस करण्यात येते.’ या दोन वाक्यांच्या मधला सगळा भाग गायब आहे. आई किती वाजता कामावर जाते? त्या दिवशी मूल कुणाजवळ होतं? रोज ज्या म्हातारीजवळ ठेवायची ती गावी गेली होती का? मुलीचं वजन किती, लसी झाल्यात का? बोलते का, किती शब्द? मुलीच्या अंगावर खुणा आहेत का, हे डॉक्टरांनी पाहिलं का? सव्वादोन वर्षं जगलेल्या, लसी झालेल्या, वजन ठीक असलेल्या मुलीच्या आईला ‘असमर्थ’ म्हणायला पुरावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की केवळ गरिबीमुळे मूल कुटुंबापासून तोडू नये, आणि तीन वर्षांखालच्या मुलांचा पर्यायी सांभाळ शक्यतो कुटुंबातच व्हावा. अहवाल परत पाठवा, पण पंधरा दिवसांसाठी नव्हे, पाच दिवसांसाठी.

आदेशात काय असावं ते मी लिहिते तसं सांगते. बाल न्याय कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे देखरेखीसह आईच्या ताब्यात. अमुक पाळणाघरात अमुक तारखेपासून प्रवेश, तिथल्या चालकांचं संमतिपत्र जोडलेलं. आणायला-न्यायला आईशिवाय कोण येईल त्याचं नाव. प्रायोजकत्वाचा, म्हणजे मूल घरीच वाढवण्यासाठी दरमहा मिळणाऱ्या मदतीचा, प्रस्ताव सात दिवसांत. नवऱ्याने टाकलेली बाई त्यासाठीच्या कलम ४५ मध्ये सरळ बसते. मिशन वात्सल्यखाली महिना ४००० रुपये आणि आपल्या राज्याच्या सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेखाली २२५० रुपये आहेत. यातलं कुठलं लवकर मंजूर होईल ते जिल्हा कक्षाला विचारून तेच धरा. विकासाची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ही केंद्रं आली, तो २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला होता. अमेरिकेत २००३ पासून कायद्यानेच, तीन वर्षांखालच्या मुलाबाबत दुर्लक्ष सिद्ध झालं की त्याला विकास-तपासणीकडे पाठवावं लागतं. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण आदेशात एक ओळ लिहायला समितीला कुणी अडवत नाही. आणि आदेशाची प्रत प्रकल्प अधिकाऱ्यांना.

काही प्रकरणांत मी मूल घरी पाठवणार नाही. घरात मारहाण करणारा माणूस आहे आणि तो परत येण्याची शक्यता आहे, तिथे पाळणाघर आणि घरभेटी पुरत नाहीत. एल्मायराचा अनुभव तोच सांगतो. तिथे आधी आईला संरक्षण, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची संरक्षण अधिकारी, गरज पडली तर आई आणि मूल दोघांना एकत्र निवारा. तीव्र व्यसन, उपचार न घेतलेला गंभीर मानसिक आजार, अंगावरच्या खुणांचा उलगडा न होणं, इथेही थांबा. पण थांबलात तरी संस्थेच्या आधी आजी, मावशी, मामा शोधा. चुलत-मावस नात्यांत विचारायला एक दिवस आणि चार फोन लागतात, तरी अहवालात ‘नातेवाईक उपलब्ध नाहीत’ एवढ्यावर काम भागवलं जातं. ऊसतोडीच्या पट्ट्यात तर आईबाप हंगामाला गेल्यावर मुलं आजीजवळच असतात. तिथे आजी हीच घरातली कर्ती असते आणि तिला प्रायोजकत्व मिळवून देणं हेच समितीचं खरं काम.

काही बरंवाईट झालं तर, ही तुमची भीती मला कळते. घरी पाठवलेल्या मुलाला इजा झाली तर बातमी होते. शिशुगृहात वर्षभर राहून बोलणं मागे पडलेल्या मुलाची बातमी होत नाही. म्हणून तुमच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा: घरी पाठवलेलं मूल वर्षभरात पुन्हा समितीपुढे आलं का, आणि त्याच्या आदेशात दिवसाच्या सांभाळाची सोय नावानिशी लिहिली होती का. दोन-तीन वर्षांत तुमच्याच जिल्ह्याचा असा पुरावा हाती येईल, जो आज महाराष्ट्रात कुणी पद्धतशीर गोळा केलेला माझ्या पाहण्यात नाही. नावं बाहेर जाऊ देऊ नका. मुलाची ओळख उघड करायला मनाई करणारं कलम ७४ संशोधनालाही लागू आहे.

या मुलीच्या बाबतीत पहिली देखरेखीची भेट आठ दिवसांच्या आत ठेवा, आणि ती आईच्या खोलीवर न ठेवता पाळणाघरात, सुटायच्या वेळेला ठेवा. आई वेळेवर येते का, तिला पाहून मुलगी काय करते आणि पाळणाघरातल्या ताईंची काही तक्रार आहे का, हे तिन्ही तिथे एकाच वेळी कळतं.